भुतांना हिरवी बत्ती

इकडे ये, जवळ बस. कागदच आहे, पण कागदाजवळही बसता येतं. एक डोळा टीव्हीवर ठेवून, भाजी निवडता निवडता वाचणार असशील तर मग राहू दे. फोनवर तू हसलीस ना, ते मला कळलं नाही असं समजू नकोस. "मावशी, या वयात तू भुतांचे सण करायला लागलीस?" म्हणे! आणि वर माझं ऐकून न घेता "कुकर झाला" म्हणून फोन ठेवलास. बरं, झाला असेल कुकर. आता नीट, पहिल्यापासून ऐक. मधे बोलायची सोय नाही, हे लिहिण्याचं एक बरं असतं.

तुझा दादा, म्हणजे माझा लेक, एअरफोर्समध्ये, हे तुला माहीतच आहे. नोकरीच्या सुरुवातीला इथेच बख्शी का तालाबच्या विमानतळावर होता, तेव्हा रविवारी जेवायला घरी यायचा आणि आठवड्याची भाकरी एका दिवसात खायचा. या उन्हाळ्यात त्याची बदली झाली ती अशा ठिकाणी, जिथे बायकोमुलांना नेता येत नाही. म्हणून सूनबाई आणि माझी नात आमच्याकडे राहायला आल्या. सूनबाईनं इथेच गोमतीनगरात नोकरी धरली, सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. म्हणजे दिवसभर नात आणि आम्ही दोघं म्हातारे.

नात अकरा वर्षांची. या वयात तिनं जितक्या शाळा पाहिल्या तितकी लग्नंसुद्धा मी पाहिली नव्हती. मराठी तिला सगळं कळतं बरं का. मी विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "हाँ आजी, खा लिया." माझं मराठी तिच्या कानात जातं आणि तोंडातून हिंदी होऊन बाहेर पडतं. मी काही म्हणत नाही. आमचंही मराठी आता इथलं झालं आहे. भाजीवाल्याला भैया आणि भाजीला सब्जी म्हणता म्हणता अमरावती कधी मागे राहिली, समजलं नाही. तुझ्या काकांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या रुळांवर गेलं, रिटायर झालो की परत जाऊ म्हणायचे. रुळांची देखभाल करणारा माणूस स्वतः मात्र इथेच थांबला.

तर ही पोर. संध्याकाळी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन खाली जायची आणि लगेच परत यायची. "काय झालं गं?" "कुछ नहीं आजी, सबके पास पहले से पार्टनर हैं." रॅकेट दाराच्या मागे ठेवायची, हातपाय धुवायची, पुस्तक घेऊन बसायची. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. न रडणाऱ्या पोरीचं काय करायचं, सांग.

एके दिवशी मी तव्यावर पोळी टाकलेली, आणि आतल्या खोलीत ती बापाशी फोनवर बोलत होती. "पापा, मुझे हॉस्टल में डाल दो ना. वहाँ सब नए होते हैं." माझी पोळी जळली. तिकडून तुझा दादा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण रात्री सूनबाईनं सांगितलं: दिवाळीपर्यंत बघू म्हणाले, नाहीच रमली तर जानेवारीत घालू. मला विचारलं कोणी नव्हतं, आणि विचारणार तरी काय? पण घरात पोर असण्याची सवय चार महिन्यांत लागते बाई, सुटायला किती लागतात ते मला बघायचं नव्हतं.

आणि मग ते हॅलोविन आलं. आमच्या सोसायटीच्या फोनच्या ग्रुपवर निरोप: यंदा मुलांचं हॅलोविन रेट्रो थीमवर. मी विचारलं, "हे रेट्रो काय असतं?" नात म्हणाली, "पुराने ज़माने वाला, आजी. पुराने भूत, पुराने कपड़े, पुरानी लाइट." ज्यांना मुलांनी यावं असं वाटतं त्यांनी दाराला कागदाचा भोपळा टांगायचा, मुलं भुतं बनून दारोदार हिंडणार, घाबरवणार, आणि घरच्यांनी त्यांना खाऊ द्यायचा.

"म्हणजे आपल्या भुलाबाईच की!" मी म्हणाले. "आम्हीही कोजागिरीपर्यंत असंच घरोघर जायचो, गाणी म्हणायचो, खाऊ खायचो. फक्त आम्ही घाबरवायचो नाही. आमचं गाणं ऐकून कोणी घाबरलं असेल तर देव जाणे."

ती हसली नाही. पेन्सिलीचं टोक चावत म्हणाली, "आजी, अपने दरवाज़े पर बच्चे आएँगे ना?" आणि मग खाली बघून, "नहीं आए तो मैं पापा को हॉस्टल के लिए हाँ बोल दूँगी."

आता सगळं त्या एका संध्याकाळवर आलं. आमचं घर कसं आहे ते तुला आठवतं. सगळ्यात मागची बिल्डिंग, तळमजला, पुढ्यात जनरेटरची खोली. दिवसासुद्धा कुरिअरवाला फोन करून विचारतो, "माताजी, आप हैं कहाँ?" तिथे अंधारात मुलं येणार कशी?

पण पोरीनं मनावर घेतलं. सोसायटीत रोज खोकी यायला लागली. जो तो जुनं विकत घेत होता. बॅटरीचे प्लास्टिकचे कंदील, आधीच गंजवलेल्या साखळ्या, आणि एका बाईनं तर नव्याकोऱ्या पांढऱ्या चादरी चहाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या केल्या. मी बघतच राहिले. आमचा जन्म गेला पिवळ्या चादरींना नीळ देण्यात! नात म्हणाली, "आजी, सब लोग पुराना ख़रीद रहे हैं, अपने पास क्या है?" मी म्हटलं, "आपल्याकडे विकत कशाला घ्यायचं? आबा आहेत, मी आहे." तेव्हा मात्र ती हसली. हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढतो, तेव्हा तो मी पहिल्यांदा नीट पाहिला.

भोपळा आणला तो सब्जीवाल्याकडून, चांगला लाल, पाटाएवढा. त्यावर नाकडोळे कोरायचे म्हटल्यावर सब्जीवाला म्हणाला, "कद्दू का मुँह बनाइएगा? माताजी, हम तो इसे खाते हैं." भोपळ्याला पहिली सुरी बाईमाणसानं लावायची नाही, हे माझ्या सासूबाईंचं. इथल्या बायकाही तेच मानतात. मी सुरी तुझ्या काकांपुढे धरली. ते म्हणाले, "रेल्वेत अडतीस वर्षं काढली, कोणी भोपळा कापायला बोलावलं नव्हतं." पण चष्मा लावून, पेन्सिलीनं आखून, असे मोजून मापून डोळे कापले की त्या भोपळ्याचे दोन्ही डोळे एका रेषेत. "भुताचे डोळे इतके सरळ नसतात हो," मी म्हटलं. नात म्हणाली, "इंजीनियर भूत है, आजी."

आतला गर टाकवेना. मी तो किसून, गूळ घालून शिजवला, कणीक भिजवली आणि घारगे तळले. नातीनं नाक वर केलं. "आजी, प्लीज़, इंडियन मत करना. सब चॉकलेट देते हैं." बरं बाई, म्हटलं, चॉकलेट. तिनं चॉकलेटं काचेच्या वाडग्यात रचली आणि माझे घारगे पितळी डब्यात झाकून मागे राहिले.

मग बत्ती. तुझ्या काकांना रिटायर होताना त्यांच्या हाताखालच्या माणसांनी रेल्वेची जुनी हातबत्ती भेट दिली होती, लिलावातून घेऊन, पॉलिश करून. जुन्या काळी गार्ड हातात धरायचे ना, ती. आत दिवा, आणि वरचं टोपण फिरवलं की कधी पांढरी, कधी लाल, कधी हिरवी काच दिव्यापुढे येते. इतकी वर्षं ती शोकेसमध्ये लग्नातल्या चांदीच्या भांड्यांशेजारी उभी होती. काकांनी ती उतरवली, काचा राखेनं घासल्या, आणि रॉकेल कुठून मिळणार म्हणून आत सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाची लहानशी पणती ठेवली. पेटवली, टोपण फिरवलं. आमच्या ड्रॉइंगरूमची भिंत हिरवी झाली. पोरगी श्वास घ्यायची विसरली. मीही. इतकी वर्षं रोज जिची धूळ पुसली, तिच्या पोटात हे होतं!

राहिले कपडे. तिला पुराने ज़माने का भूत व्हायचं होतं. मी ट्रंक उघडली. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याखाली माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, करवतकाठी लुगडं. नऊवारी, टसरचं, काठाला करवतीचे दाते. तुला आठवेल, लग्नकार्याला नेसायची. मी हात लावला आणि थांबले. पितृपक्ष होऊन महिनाही नव्हता झाला. खीर-वडे खाऊ घालून ज्यांना निरोप दिला, त्यांच्याच लुगड्याचं भूत करायचं? आईच्या फोटोपुढे उभी राहिले. आई तर फोटोत नेहमीसारखी, कुणीतरी आता काही विनोद करणार आहे अशी तोंड मिटून बसलेली. म्हटलं, हिला चालेल.

घडीवर एका जागी टसर विरलं होतं, ती बाजू मी आत घेतली. अकरा वर्षांच्या पोरीला नऊ वार म्हणजे कापडाचा डोंगर. नेसवता नेसवता माझी कंबर धरली. कासोटा घातला, डोक्यावरून पदर दिला, तोंडाला पावडर फासली, कपाळावर आईसारखं रुपयाएवढं कुंकू लावलं. नथ नव्हती, तर तिनं कानातलं डूल चिकटवून नथ केली. मी मोठे दिवे बंद केले, म्हटलं, जा, आबांना दाखव.

तुझे काका खुर्चीत बसलेले, अंगात बनियन, पाय पुढच्या स्टुलावर, हातबत्ती शेजारी. पोरगी दारात जाऊन उभी राहिली. बोलली नाही, नुसती उभी.

आणि तुझे काका ताडकन उठले! गुडघे धरून उठणारा माणूस, एकदम उठला. लुंगी सारखी केली, खुर्चीच्या पाठीवरचा सदरा ओढून अंगात घालायला लागले, एक हात बाहीत आणि एक बाहेर, आणि म्हणाले, "या, या, बसा ना."

त्यांच्या सासूबाईंसमोर, म्हणजे माझ्या आईसमोर, ते कधी बनियनवर बसले नव्हते. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

मी दाराची चौकट धरली. कारण मीही तेच पाहिलं होतं. पदराची तीच ठेवण, खांद्यात तोच थोडासा वाकडेपणा. तो नातीत कुठून आला? तिनं माझ्या आईला पाहिलंसुद्धा नाही. भुतं येतात म्हणतात त्या दिवशी, आमच्या घरी खरंच कोणीतरी आलं होतं, आणि भीती वाटायच्या ऐवजी मला वाटलं, चहा टाकावा.

"क्या हुआ आबा?" पोरगीच बोलली आणि सगळं मोडलं. काका हळूच खुर्चीत बसले, सदऱ्याची दुसरी बाही शोधत. चष्मा पुसला. म्हणाले, "काही नाही. तुझी पणजी माझ्या चहात साखर जास्त घालायची." आणि तोंड फिरवून बत्तीची वात नीट करायला लागले, जी नीटच होती.

दिवेलागण झाली, सूनबाई अजून कामावरून यायची होती. कागदाचा भोपळा दाराला टांगला, खरा भोपळा पायरीवर ठेवला, त्यात पणती लावली, तो आपल्या सरळ डोळ्यांनी बघत बसला. पुढच्या बिल्डिंगकडून मुलांचा कालवा ऐकू येत होता, कुठून तरी स्पीकरवर कुणी भुतासारखं हसत होतं. आम्ही थांबलो. मग आणखी थांबलो. जनरेटरच्या खोलीपलीकडून आवाज जवळ आला, आला, आणि वळून गेला. त्यांना पलीकडे काही आहे हेच माहीत नव्हतं.

पोरगी पायरीवर बसली होती, चॉकलेटचा वाडगा मांडीवर. मी म्हटलं, "जाऊन बोलावून आण ना." "नहीं आजी. बुलाने से आए तो क्या आए." मग ती उठली. वाडगा आत ठेवला आणि डोक्यावरचा पदर काढला. "उतार दो," म्हणाली. पाठ माझ्याकडे करून उभी राहिली. माझा हात कासोट्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. हे लुगडं सुटलं की जानेवारी आली, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात बघते तर खुर्ची रिकामी. बत्तीही नाही.

दारात येऊन पाहिलं. तुझे काका, हातात काठी नाही, जनरेटरच्या खोलीच्या कोपऱ्यावर, जिथून पुढचा रस्ता दिसतो तिथे उभे. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली. बत्तीचं टोपण त्यांनी फिरवलं, हिरवी काच पुढे आली, आणि हात लांब करून ते बत्ती हलवायला लागले. घाई नाही, गडबड नाही. गाडीला मोकळा रस्ता देताना हलवतात तशी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्या काळोख्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा झुलत होता. ना प्लास्टिकचा, ना बॅटरीचा. बाई, मी या माणसाबरोबर जन्म काढला, पण त्याला कामावर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढचा कालवा एकदम थांबला. मग कुणीतरी म्हणालं, "अबे, वो क्या है?" "भूत है." "भूत नहीं, ट्रेन है!" "यहाँ ट्रेन कहाँ से आएगी, पागल?" आणि पावलं. एकामागून एक, एकमेकांचे कपडे धरून, हाडांचे सापळे, चेटकिणी, चहाच्या चादरीतली भुतं, रांगच्या रांग, बत्तीमागून येत होती. काका उलट्या पावलांनी मागे सरकत त्यांना आणत होते. पायरीपाशी पोचल्यावर टोपण फिरवलं. लाल! सगळी रांग जागच्या जागी उभी. कुणी सांगितलं नव्हतं, पण लाल पाहून सगळी थांबली.

नातीनं भर्रकन पदर डोक्यावर घेतला. मुलांनी तिला पाहिलं आणि दोन लहान चेटकिणी एकमेकींच्या मागे लपल्या. मग सगळ्यात पुढचा इवलासा सापळा धीर करून ओरडला, "ट्रिक ऑर ट्रीट!"

आणि इथे माझं चुकलं. चॉकलेटचा वाडगा शेजारीच होता. पण दारात पोरं, अंधार, दिवा, आणि खाऊ मागणारे आवाज. माझे हात आपोआप पितळी डब्याकडे गेले. तुला ठाऊक आहे ना भुलाबाईचं, घरची बाई बंद डबा घेऊन येते, वाजवते, आणि आत काय ते ओळखल्याशिवाय खाऊ मिळत नाही. मी डबा उचलला, त्या सापळ्याच्या कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "पहले पहचानो, क्या है."

नातीनं कपाळाला हात लावला. "आजी!" मला वाटलं, गेलं. मी म्हातारीनं सगळं घालवलं.

सापळा म्हणाला, "फिर से हिलाओ."

मी हलवला. थप थप. "लड्डू!" नाही. "मठरी!" नाही. "कबाब!" हा जुन्या शहरात, चौकात राहणाऱ्या कुणाचा तरी पाहुणा असणार. "हड्डियाँ!" सगळी पुढे सरकली, माझ्या पदराला लोंबकळली. मागची पुढे घुसायला लागली, तशी काकांनी लाल बत्ती वर केली आणि ती थांबली. मी म्हटलं, "इशारा देती हूँ. जो है, वो यहीं दरवाज़े पर बैठा तुमको देख रहा है."

एक उंच चेटकीण होती. पुढच्या बिल्डिंगमधली, बॅडमिंटनच्या सगळ्या जोड्या जी लावते ती. तिनं पायरीकडे पाहिलं. भोपळ्याकडे. त्याच्या रिकाम्या डोक्याकडे. आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हाय राम, कद्दू? इसी का भेजा?"

"बरोब्बर!"

हे मी नाही म्हटलं. नात म्हणाली. मराठीत. तिला स्वतःलाही कळलं नाही. डबा माझ्या हातून घेतला, झाकण उघडलं, आणि भुताचा मेंदू सगळ्यांना वाटायला लागली. सापळ्यानं दोन खाल्ले, तिसरा खिशात घातला. चेटकीण म्हणाली, "मीठा है यार, और दे." चॉकलेटं वाडग्यातच राहिली. बातमी सोसायटीभर पसरली असणार, कारण काका कोपऱ्यावर हिरवी दाखवत राहिले आणि गाड्यांवर गाड्या येत राहिल्या. दर खेपेला पोरगी दारात उभी राहून डबा हलवायची, "ओळखा, ओळखा!" आणि ज्यांना ओळखा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तीही ओळखायची.

मी मागे सरकून भिंतीला टेकले. पणतीच्या उजेडात करवतकाठीचे दाते चमकत होते. दारात आई उभी होती, डबा हलवत, अगदी आमच्या अमरावतीच्या दारात उभी राहायची तशी. आणि ती माझी नात होती. दोन्ही एकदम खरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. उंच पोरगी, आता चेटकीण नव्हती, हातात रॅकेट. "आंटी, वो लालटेन वाली नीचे आएगी? मेरी पार्टनर का हाथ दुख रहा है." लालटेन वाली चपला घालता घालता धावली. पार्टनरचा हात पुढे बरा झाला, पण आता त्या तिघी आळीपाळीनं खेळतात. दिवाळीला दादाचा फोन आला तेव्हा हॉस्टलचं मी मुद्दाम विचारलं नाही. त्यानंच विषय काढला, तशी पोरगी म्हणाली, "कौन सा हॉस्टल, पापा?"

आता फोनवर हसलीस तशी हसू नकोस. हसायचं असेल तर इथे येऊन हस. लुगडं मी घडी बदलून पुन्हा ठेवलं आहे, ते तुझ्याही आजीचं आहे, एकदा हातात घेऊन तरी बघ. काकांची बत्ती आता शोकेसमध्ये नसते, दाराशी असते, आणि नात म्हणते, बुआ आएगी तो आबा हरी दिखाएँगे. तेव्हा लवकर ये. चारबाग स्टेशनला उतरलीस की फोन कर, ऑटोवाल्याला जनरेटरची खोली सांग. पुढचं काका बघतील.